आपोआप आलेला लाल

आखाडा बाळापुरातल्या कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेल्या मेलेल्या माणसांचे गाल मुनीरभाईंनी गुलाबी केलेले आहेत. कृष्णधवल फोटो रंगवण्यात आमच्या भागात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाल, ओठ, लुगड्याचा काठ, फेटा, सगळं ते बारीक ब्रशनं भरायचे. रंगीत फोटो आले, मग मोबाईल आले आणि ते काम संपलं. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा बाजाराच्या रस्त्यावरच्या त्यांच्या स्टुडिओत फक्त पासपोर्टचे फोटो निघत. पण बोलताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी अजून ब्रश धरल्यासारखी जुळलेली असायची.

त्यांची एक सवय होती. रंगवलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे ते पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवत, 'रं.', आणि पुढे काय काय रंगवलं ते. 'रं. – गाल, टोपी.' 'रं. – साडी, हिरवं.' मग फ्रेम बंद करायची. ते कुणी वाचणार नसे.

एकदा मात्र ते वाचायची वेळ आली. पुसेगावकडचे तीन भाऊ एक जुनी फ्रेम घेऊन दुकानात आले. तिघांचं आपसात बोलणं बंद होतं, तरी आले एकाच जीपमधून. फोटोत त्यांची आजी होती आणि आजीच्या गळ्यात ठसठशीत बोरमाळ होती. ती बोरमाळ कुणाच्या घरात गेली यावरून वर्षभर धुसफूस चालली होती. मोठा म्हणाला, "भाई, तुमीच काढलाय फोटो. सांगा, माळ व्हती का न्हाई?" मुनीरभाईंनी फ्रेमचे खिळे उपसले, फोटो उलटा केला आणि तिघांसमोर धरला. 'रं. – गाल, लुगडं, बोरमाळ.'

"आजीच्या गळ्यात काळी पोत व्हती," ते म्हणाले. "तुमचे आजोबा म्हणले, माळ घाला. मी घातली."

तिघा भावांनी ते तीन शब्द वाचले. मग धाकट्यानं सगळ्यांसाठी चहा मागवला.

मी हे ऐकलं तेव्हा विचारलं होतं, एवढं लिहून ठेवायचं कशाला?

"काहून म्हणजे? रंगवलेलं हाय ते रंगवलेलंच हाय. पुढून सांगितलं तर गिऱ्हाइकाची इज्जत जाते. म्हणून मागून सांगायचं. पण सांगायचं."

मी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मला रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचं वेड आहे आणि हे वेड माझ्या घरी कुणालाही नाही. मुनीरभाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो रडगाणं घेऊनच. जुना कॅमेरा घेतला होता, ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणारं यंत्र घेतलं होतं, मृग नक्षत्राशेजारचा गुलाबाच्या आकाराचा तेजोमेघ टिपायला आठ-दहा रात्री घालवल्या होत्या, आणि फोटोत येत होता एक मळकट डाग. मुनीरभाईंनी तो डाग बघितला आणि विचारलं, "खरा रंग कोणता ह्याचा?"

"लाल. हायड्रोजन वायू तापला की गडद लाल उजेड देतो."

"मग लाल कुठं अडून राहिला?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्यांना सुचला, कारण आयुष्याची निम्मी वर्षं त्यांनी डार्करूमच्या लाल दिव्यात काढली होती. कोणता रंग कुठं अडतो आणि कुठून सुटतो हे त्यांच्या बोटांत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, टेबलावर धुतलेली चादर अंथरली आणि माझा कॅमेरा उघडला. प्रत्येक स्क्रू निघाला की एका कागदावर त्याच्या जागेचं चित्र काढून त्यावर चिकटवायचा. दोन दिवसांनी त्यांनी आतून नखाएवढी पातळ काच काढली आणि चिमट्यात धरून खिडकीकडे केली. काच फिकट निळसर हिरवी होती.

"ही बघा. ही लाल खाऊन राहिली व्हती. माणसाचे चेहरे बराबर यावेत म्हणून कंपनी बसवते. तुमच्या गुलाबाला हिची गरज न्हाई."

तिच्या जागी त्यांनी साधी स्वच्छ काच बसवली. काढलेली काच फेकू दिली नाही. भाभींच्या अंगठीच्या डबीत कापसावर ठेवली. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे भाभीच म्हणायचो.

तिथून पुढे फिल्टर निवडायचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. माझं ज्ञान इंटरनेटवरचं. तिथं दहा माणसं दहा फिल्टर सांगतात. मुनीरभाई आधी दिवा बघायचे. बाजाराच्या चौकात पूर्वी पिवळे दिवे होते आणि तो पिवळा उजेड अडवणारा एक जुना फिल्टर मी वापरायचो. चौकात पांढरे दिवे आले आणि तो एकदम निकामी झाल्यासारखा वाटायला लागला. संध्याकाळी मुनीरभाई मला घेऊन चौकात उभे राहिले, हातात एक जुनी सीडी. सीडी तिरकी धरली की दिव्याचे रंग तिच्यावर वेगवेगळे दिसतात. एका कोपऱ्यात एक पिवळा दिवा बदलायचा राहिला होता. त्याच्या उजेडात पिवळाच भरलेला होता, बाकीचे रंग नावाला. पांढऱ्या दिव्याखाली मात्र जांभळ्यापासून लालपर्यंत सलग पट्टा. भाजीवाल्यानं विचारलं, "भाई, काय करून राहिलात?"

"दिव्याची नाडी बघून राहिलो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सर, पिवळा एकटा येत व्हता तवर त्याला दारात अडवता येत व्हतं. हा पांढरा तर सगळं खटलं घेऊन येतो. कुणाकुणाला अडवता? आता अडवायचं सोडा. आपल्याला पायजे तेवढ्यालाच आत घ्या."

म्हणून मग हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळा-हिरवा, एवढे दोनच रंग आत सोडणारा फिल्टर आला. त्याआधी मी हौसेनं घेतलेला, फक्त निळा-हिरवा सोडणारा एक होताच. कृत्तिकेच्या ताऱ्यांभोवतीच्या धुक्याला हा नवा फिल्टर लावू का, असं मी विचारलं तर त्यांनी चक्क हात जोडले. "त्या धुराला सोताचा रंग न्हाई, सर. ताऱ्याचा उजेड घेऊन बसलाय. तिथं काच लावली तर जे यायचं तेच अडतं. तिथं काच नको, गावच सोडा."

फिल्टरच्या गोल डब्या एकसारख्या दिसायच्या. मुनीरभाईंनी प्रत्येक डबीला जाड पांढरा दोरा बांधला. फिल्टर नको तेव्हा लावायच्या साध्या काचेच्या डबीला नुसता दोरा. पिवळा अडवणाऱ्या फिल्टरला एक गाठ, निळा-हिरवा सोडणाऱ्याला दोन, लाल आणि निळा-हिरवा दोन्ही सोडणाऱ्याला तीन. डार्करूममध्ये कागदाची पाकिटं ते अशीच ओळखायचे, कोपरे कातरून. "अंधारात डोळ्याला इच्यारायचं न्हाई," म्हणायचे, "बोटाला इच्यारायचं." दोरे हाताळून हाताळून मळले, तेलकट झाले. पण एकदाही चूक झाली नाही.

त्यांच्या अंगात साखर होती, बरीच वर्षं. ती डोळ्यात उतरली. नांदेडला चकरा सुरू झाल्या. डावा डोळा गेला आणि डॉक्टरांनी उजव्याचाही भरवसा दिला नाही. उन्हाळ्यापर्यंत साथ देईल म्हणाले. मला हे मुनीरभाईंनी सांगितलं ते पासपोर्टचे फोटो कापता कापता. कात्री सरळ रेषेत चालत होती.

"तकलीफ कसली न्हाई, दुखत न्हाई. फक्त एक हाय, सर. चाळीस वर्षं लोकांच्या फोटोत लाल मी भरला. एकदा आपोआप आलेला लाल बघायचाय. माझा हात न लागलेला. तुमचा बी न लागलेला."

मी म्हणालो, या थंडीत नक्की. जाऊ सिद्धेश्वरला, धरणाच्या मागच्या बाजूला, जिथं दिवे नाहीत.

त्याच काळात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि मी माझी सगळी सामग्री तिथं मांडायची ठरवली. परीक्षक येणार, इतर शाळांचे शिक्षक येणार. टेबलावर पांढरं कापड, त्यावर यंत्र, कॅमेरा, आणि ते मळके दोरे. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर दोऱ्यांची नाही, आपण असे दोरे बांधणारे गावठी दिसू याची लाज वाटली. मुनीरभाई तेव्हा नांदेडला होते. मी कात्री घेतली, चारही दोरे कापले आणि डब्यांवर पांढरे स्टिकर लावून सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. हाताशी पेपर तपासायचं पेन होतं, त्यानंच लिहिली.

सिद्धेश्वरला गेलो ती रात्र स्वच्छ होती. चंद्र नव्हता. धरणाच्या काठाला मासेमारीची जाळी वाळत पडलेली. मुनीरभाई कानाला मफलर गुंडाळून घडीच्या खुर्चीत बसले, मांडीवर थर्मास. मी कपाळाला लाल टॉर्च बांधला. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडते, म्हणून या कामात लालच वापरतात. डब्या काढल्या आणि टॉर्चच्या उजेडात धरल्या.

चारही स्टिकर कोरे होते. लाल शाई लाल उजेडात दिसत नाही. हे मी आठवीच्या वर्गाला शिकवलेलं आहे.

साधी काच तर तशीच कळली आणि पिवळ्याचा फिल्टर घासलेल्या कडेवरून. उरल्या दोन डब्या. मी त्या उलटसुलट केल्या, आतल्या काचा तिरक्या करून बघितल्या. दोन्ही सारख्याच काळ्या. गाडीत पांढरा टॉर्च होता. तो आणायचा म्हणजे शंभर पावलं जायचं आणि का आणला ते सांगायचं. तेवढ्यात खुर्चीतून हात पुढे आला.

"द्या हिकडं, सर. हातानं सांगतो कोणता ते."

मी त्या हाताकडे बघितलं. डब्यांना दोरे नव्हते. त्यांना त्या क्षणी कळलं असतं की मी त्यांचे दोरे कापले.

"नको, भाई. सापडला," मी म्हणालो, आणि त्यातली एक डबी उघडून फिल्टर लावला.

चार तास कॅमेरा चालला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी लाल पारदर्शक कागद चिकटवलेला असतो, डोळ्यांना त्रास नको म्हणून. पहिला फोटो आला तसे मुनीरभाई उठले, पडद्याला जवळजवळ नाक लावून उजव्या डोळ्यानं बघू लागले.

"लाल येऊन राहिला, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "बघा ना. लाल येऊन राहिला."

मलाही लाल दिसत होता. त्या कागदातून चुना बघितला असता तर तोही लाल दिसला असता. त्यांनी तिथूनच भाभींना फोन लावून उठवलं आणि सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवर चारही तासांचे फोटो एकावर एक बसवले. मधोमध हिरवट निळा एक फिका ठिपका. लाल कुठंच नाही. मी दोन गाठींचा फिल्टर लावला होता.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतरच्या दोन्ही रात्री आकाश स्वच्छ होतं. यंत्र गाडीतच होतं. सिद्धेश्वर काही चंद्रावर नाही. माझ्याकडे कारण होतं, सकाळी बोर्डाच्या परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. पण ते कारण मी स्वतःलाच देत होतो. खरं कारण एवढंच की पुन्हा जायचं म्हणजे का जायचं ते मुनीरभाईंना सांगावं लागलं असतं. दोरे, कात्री, लाल शाई, पुढे आलेला हात. सगळंच. एका विज्ञान शिक्षकाला ते जड गेलं. मग ढग आले, मग चंद्र वाढत गेला.

आणि मी तो ठिपका घेऊन बसलो. कॉम्प्युटरवर त्याचा निळा काढला, लाल भरला. मेघाच्या बाहेरच्या पाकळ्या आलेल्याच नव्हत्या, त्या दुसऱ्यांचे फोटो समोर ठेवून हलक्या हातानं काढल्या. दोन संध्याकाळी लागल्या. नांदेडहून मोठा प्रिंट काढून आणला. दिसायला फार सुंदर होता.

मुनीरभाईंनी काउंटर पुसून घेतला आणि त्यावर प्रिंट ठेवला. भिंग काढलं. मधोमध सुरुवात करून ते भिंग कडेकडे नेत राहिले, पुन्हा मधोमध आले, पुन्हा कडेला गेले. मला त्यांचंच एक वाक्य आठवत होतं. फोटो रंगवायचं गुपित सांगताना ते म्हणाले होते, "गालावरचा लाल कानाकडं जाता जाता मरतो. नवा माणूस सगळीकडं एकसारखा फासतो, तिथंच पकडला जातो." माझा लाल कडेपर्यंत एकसारखा होता.

भिंग ठेवून त्यांनी काउंटरवरची माझी फिल्टरची पेटी जवळ ओढली. मी ती उगाच सोबत नेली होती. एक डबी काढून अंगठ्यानं तिची कड चाचपली. दोरा नव्हता. मग भिंगातून स्टिकर वाचला.

"लाल शाई व्हय, सर?"

"हो. पेपर तपासायची."

"बरं."

रस्त्यावरून ट्रक गेला, काचेचं दार थरथरलं.

"अजून काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

कानामागची पेन्सिल काढून त्यांनी प्रिंट उलटा केला आणि खालच्या कोपऱ्यात लिहिलं. मी समोर उभा होतो, मला ते उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. 'रं. – लाल.' मग त्यांनी माझ्यासमोर तो फ्रेम केला आणि पासपोर्टला बसायच्या स्टुलासमोर टांगला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, तर सांगायचे, "आभाळातला गुलाब. सरांनी आणला." अस्सल आहे असं मात्र कुणाला म्हणाले नाहीत. मी चौकशी केली होती.

त्या उन्हाळ्यात उजवा डोळा गेला. स्टुडिओ बंद झाला.

पुढच्या थंडीत मी सिद्धेश्वरला एकटा गेलो. त्याआधी चारही डब्यांना दोरे बांधले, गाठी मारल्या, आणि अंधारात बोटांनी मोजून तीन गाठींची डबी उघडली. पाच रात्री गेलो. या वेळी लाल आला. मधे दाट, आणि पाकळ्यांच्या टोकांना इतका विरळ की कुठं संपला ते सांगता येऊ नये. मी कुठंही हात लावला नाही.

तो प्रिंट घेऊन बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या घरी गेलो. ती आमची शेवटची भेट. पावसाळ्याच्या तोंडाला ते गेले. मी गेलो त्या दिवशी ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, शेजारी रेडिओ. समोरच्या भिंतीवर माझा तो पहिला प्रिंट. दुकानातून आणलेल्या सामानात तेवढंच एक भिंतीवर लावलेलं होतं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. रेडिओ बंद केला.

मी सगळं सांगितलं. प्रदर्शन, कात्री, शाई, गाडीतला टॉर्च, दोन स्वच्छ रात्री. मी थांबलो तेव्हा ते म्हणाले, "दोऱ्याचं काय एवढं, सर. दुसरा बांधला असता. तुमी दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं तर त्याच राती पुन्ना गेलो असतो. तवा डोळा व्हता."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी नवा प्रिंट त्यांच्यापुढे धरला. "भाई, हा खरा आहे. याला हात लावलेला नाही. मागं काही लिहायचं नाही."

त्यांचे दोन्ही हात मांडीवरच होते.

"कडेला पातळ झालाय का?"

"झालाय."

त्यांनी मान हलवली. मग तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं आणि हाक मारली, "अजी, जरा इधर आओ. देखो, किनारे कू लाल पतला हुआ क्या?"

भाभी ओले हात पदराला पुसत आल्या. माझ्या हातातल्या फोटोवर वाकल्या, दाराचा उजेड पडावा म्हणून थोड्या बाजूला झाल्या, आणि चारही कडा नीट बघितल्या.

"हौ," त्या म्हणाल्या. "पतलाच है."

तेव्हा कुठं मुनीरभाईंनी हात पुढे केला.